डाव्या कानाचं वैर

मित्रांनो, मी लाकडाच्या वखारीवरचा एक म्हातारा, लोंबत्या कानांचा कुत्रा आहे. मला गोंजारायला हात पुढे करू नका. मी चावतो. जन्मापासून मात्र मी असा नव्हतो.

ऐन उमेदीत मी वखारीची राखण केली. माझ्या भुंकण्याचं सगळे कौतुक करत. मग डाव्या कानात खाज सुटली. पाठोपाठ पू आणि जवळ कुणी उभं राहू नये अशी दुर्गंधी. मालक दुकानातून थेंब आणायचे. जरा बरं दिसलं की बाटली फळीवर जायची, पुन्हा चिघळलं की तीच बाटली खाली यायची. दर खेपेला कान आधीपेक्षा जास्त ठणकायचा.

एकदा मालकांच्या धाकट्या भावाने माझं डोकं गुडघ्यांत दाबलं आणि कानात कापसाची काडी खुपसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी त्याचा हात फोडला.

“पिसाळलाय हा! लांब कुठेतरी सोडून या!” तो ओरडला.

“पिसाळला नाही, दुखतंय त्याला,” मालकीणबाई म्हणाल्या.

“वहिनी, तुमची कणव तुमच्यापाशीच ठेवा!”

मालक दोघांवरही खेकसले आणि मला गाडीत कोंबून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

“हा चावतो, याला कायमचं झोपवा,” ते म्हणाले.

बाईंनी कान पाहिला. “औषध कितीदा अर्ध्यावर सोडलंत?”

“बरा दिसला की बंद करायचो.”

“म्हणून जंतू मेले नाहीत, निर्ढावले. जुन्या औषधाला आता ते भीक घालत नाहीत.”

“कुत्र्याच्या कानावरून मला शिकवू नका!”

“शिकवणारच. त्याला बोलता आलं असतं, तर तो चावला नसता.”

मालकांनी झोपवायचा हट्ट सोडला आणि मला घट्ट धरून ठेवलं. कोणतं औषध लागू पडेल ते पाहायला बाईंनी पू तपासायला पाठवला. मग मला भूल देऊन कान आतून धुतला, कारण घाणीच्या थराखाली औषध पोचतच नव्हतं. “मी पुन्हा तपासून सांगेपर्यंत हे नवे थेंब थांबवायचे नाहीत,” त्यांनी बजावलं. “नाहीतर कानाची नळीच कापून काढावी लागेल.”

तेव्हापासून मालक रोज माझ्या तोंडाला जाळी बांधून थेंब घालत. मी गुरगुरायचो, ते शिव्या घालायचे. “मेल्या, मला काय हौस आहे?” पण एकही दिवस चुकले नाहीत. कान कोरडा झाला, तरी थांबले नाहीत. शेवटी बाईंना कानात एकही जंतू सापडला नाही. त्या बाजूने मात्र मला आता कमीच ऐकू येतं, गेलेली श्रवणशक्ती परत आली नाही. धाकटा भाऊ अजून मला वळसा घालून जातो. मीही दात दाखवतो.

मित्रांनो, तुमचा कुत्रा सारखं डोकं झटकू लागला, कान ओरबाडू लागला, तर वेळीच डॉक्टरांकडे न्या. औषध मध्येच सोडू नका. कुत्रा सगळं विसरून शेपूट हलवतो, असं तुम्हांला कुणी सांगितलं असेल. त्या भरवशावर राहू नका.