नळाखाली धरलेलं मोजपात्र

जवाहर नगरातल्या रत्नप्रभाताईंना "तुम्ही जातपात मानता का हो?" असं कुणी विचारलं असतं, तर त्या चिडल्याच असत्या. नवरा बँकेत अधिकारी, बदल्यांच्या निमित्तानं चार राज्यं पाहिलेली, लेक अवनी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. अवनीची मैत्रीण गौतमी अभ्यासाला आली की ताई तिला आग्रह करकरून थालीपीठ वाढत. जयपुरात कुणाशी मराठी बोलायला मिळतं, याचंच केवढं अप्रूप! फक्त गौतमी गेली की तिनं स्वतः धुऊन पालथा घातलेला पेला पुन्हा एकदा विसळला जाई. गौतमीचे वडील रेल्वेत होते आणि त्यांचं घर बौद्ध होतं. कारण एवढंच, पण ते त्या घरात कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. अवनी लहानपणापासून असे पेले पाहत आली होती. पुढे पुढे ते विसळायचं काम तिच्याकडेच आलं.

त्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ग्रिग्नार्ड अभिक्रिया होती. मॅग्नेशियमचा कीस, ईथर, ब्रोमोबेंझीन. कृती तशी छोटी, पण पाण्याशी तिचं हाडवैर. म्हणून काचेची सगळी भांडी आधी ओव्हनमध्ये कोरडी करून घ्यायची. अवनी आणि गौतमी या प्रयोगात जोडीदार होत्या आणि ते काम गौतमीनं अंगावर घेतलं होतं. उन्हाळ्यात विद्यापीठात संशोधनाला पाठवायला माथुर मॅडम या प्रयोगावरूनच एक विद्यार्थी निवडणार होत्या, आणि ती गौतमीच असणार हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

"ईथर मोजून घे ना," म्हणत गौतमीनं सुकवलेलं मोजपात्र अवनीच्या हातात दिलं. अवनीनं ते घेतलं, नळ सोडला, विसळलं, झटकलं आणि ईथर ओतलं. हात हे करत होते तेव्हा तिचं लक्ष शेजारच्या मुलीच्या गप्पांत होतं.

ब्रोमोबेंझीनचे थेंब पडले की ईथर आपणहून उकळायला हवं. बाकीच्या टेबलांवर फ्लास्क गढूळ होऊ लागले. या दोघींचा मात्र ढिम्म! आयोडीनचा कण टाकून झाला, फ्लास्कला हाताची ऊब देऊन झाली, काही उपयोग होईना.

माथुर मॅडम आल्या. "पाणी गेलंय यात. भांडी कुणी सुकवली?"

"मी, मॅडम. पण सगळं ओव्हनमधूनच काढलं होतं," गौतमी म्हणाली.

"मग पाणी आलं कुठून? एवढा निष्काळजीपणा असेल तर मी तुला पाठवू कशी?"

गौतमीनं अवनीकडे पाहिलं. तेव्हा कुठे अवनीला नळ आठवला, आणि लाजेनं तिचे कान तापले. एकच वाक्य बोलायचं होतं. तिनं मान खाली घातली आणि ती गप्प राहिली.

घरी जाताना दोघींची ई-रिक्षा राजा पार्कला पोचली. शेवटी अवनीनंच विचारलं, "तू पाहिलं होतंस?"

"पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मतलब, माझ्या हातातलं भांडं हिनं धुऊन घेतलं, हे सगळ्या वर्गासमोर मीच सांगू?" गौतमी तिच्याकडे वळली. "तुमच्या दाराबाहेर मी चप्पल घालते ना, तेव्हा आतून पेला विसळल्याचा आवाज येतो, अवनी. मी म्हणायचे, जाऊ दे, काकू जुन्या वळणाच्या आहेत. तू तर माझ्याच वयाची! भैया, यहीं रोक दो."

ती उतरून चालू लागली. तो पेला काकू नव्हे, आपणच विसळतो, हे सांगायची अवनीची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माथुर मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, मोजपात्र मी धुतलं होतं." का, ते सांगताना तिला स्वतःचीच किळस आली. "पण मी मुद्दाम नाही केलं. आपोआप झालं."

"मुद्दाम केलं असतंस तर मी तुझ्याशी वाद घातला असता," मॅडम म्हणाल्या. "आता कुणाशी घालू? तीन वर्षं रसायनशास्त्र शिकलीस, ते सगळं घरच्या एका सवयीनं बाजूला सारलं! आमच्याकडेही काही लोकांसाठी वेगळे कप होते. ते खटकायला मला चाळिशी यावी लागली. तुला आज खटकलंय, तर इथेच थांबू नकोस. तिच्यावर ठपका आला तो वर्गासमोर, माझ्या खोलीत नाही."

अवनीनं वर्गासमोर सगळं सांगितलं, कारणासकट, घरच्या पेल्यासकट. पेला आपण स्वतः विसळत होतो, हेही. मागे कुणीतरी हसलं. कित्येकांनी नजर खाली वळवली. मॅडमनी गौतमीची माफी मागितली आणि निवड तिचीच झाल्याचं जाहीर केलं.

"मला माफ कर, गौतमी," अवनी रडत म्हणाली.

गौतमीनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस." आणि मॅडमकडे वळून, "मॅडम, मला जोडीदार मात्र दुसरी द्या." तिनं आपला अ‍ॅप्रन उचलला आणि ती पलीकडच्या टेबलावर गेली.

वाचकहो, गौतमीचं काय चुकलं? "आम्ही नाही हो तसलं मानत," असं आपणही सगळे म्हणतो, आणि खरंच तसं समजतो. पण आपल्या घरात न बोलता काय काय चालतं, ते एकदा डोळे उघडून पाहा. मुलांसमोर ते स्पष्ट बोलून दाखवा आणि थांबवा. आपण गप्प राहिलो तर मुलं ते शिकणारच, आणि एखाद्या मैत्रिणीला कायमची गमावल्यावरच त्यांना कळेल की आपण काय शिकलो होतो!