दोन नॅनोसेकंदांचा फेरा

“परत लाव,” तिहोमिर म्हणाला.

मी बोर्ड परत लावला. जोडणीचा हिरवा दिवा लागला, पण डेटा पुन्हा चुकीचाच आला. आज तिसरा दिवस. नदीकाठच्या कॅमेऱ्यांसाठी असे चाळीस बोर्ड बनून आले होते. आखणी तिहोमिरची. सर्बियातल्या निशमधल्या आमच्या कंपनीत एकतीस वर्षं तो बोर्डांवरच्या तांब्याच्या रेषा आखत होता. शुक्रवारी निवृत्त होणार होता.

क्लॉकचा ठोका, म्हणजे डेटा कधी वाचायचा ती खूण, डेटा स्थिर असताना, मधोमध पडायला हवा. तो नेमका डेटा बदलतानाच पडत होता.

“माझीच रेषा लांब झाली,” तिहोमिर म्हणाला. डेटा आणि क्लॉक चिपमधून एकदमच निघतात, म्हणून क्लॉकला जरा रेंगाळत ठेवावं लागतं. त्यासाठी तो क्लॉकची रेषा नागमोडी काढायचा, दोन नॅनोसेकंदांचा फेरा. “डोळे गेले रे माझे. बायको म्हणतच होती.”

“काका, आधी बुरेक खा,” चीज भरलेल्या पापुद्र्यांची बशी पुढे सरकवत स्लाविका म्हणाली. ती आमची प्रमुख, तिहोमिरहून वयानं वीस वर्षांनी लहान. “गार झाला की चप्पल होते त्याची.”

“तुझ्या कँटीनचा गरम असतानाही चप्पलच असतो.”

पण त्यानं खाल्लं नाही. पडद्यावर तो रेषेची लांबी पुन्हा पुन्हा मोजत होता. ती बरोबर येत होती, आणि त्याचा विश्वास बसत नव्हता.

मला कारण माहीत होतं. निदान तसं वाटत होतं. या बोर्डांवर बसवलेल्या नव्या चिपची पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती. तेवढं एकच काम मला बरं जमतं. ही चिप क्लॉकला आपणहून दोन नॅनोसेकंद थांबवते. जुनी थांबवत नसे. तिहोमिरला ठाऊक असणारच, मी कोण सांगणारा, म्हणून गप्प बसलो होतो. आणि गेले तीन दिवस वाटत होतं, मीच चुकीचं वाचलं असेल तर?

“रेषा बरोबर आहे,” मी म्हणालो. “चिपसुद्धा थांबवते. दोनदा थांबवलं गेलंय. मी वाचलं होतं.”

“कधी?”

“एप्रिलमध्ये.”

तिहोमिरनं मोजणं थांबवलं. “गाढवा,” तो म्हणाला, “काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो मी.”

स्लाविकानं चिपमधला विलंब बंद केला. एक आकडा बदलला, आणि डेटा स्वच्छ येऊ लागला. चाळीसही बोर्ड वाचले.

“पुढच्या बोर्डात चिपलाच थांबवू दे,” ती हळूच म्हणाली. “रेषा सरळ केली तर जागा वाचेल, काका. मी करून घेईन नंतर.”

“नंतर कशाला? माझी रेषा आहे, मीच काढतो.”

त्यानं पुढच्या बोर्डाचा आराखडा उघडला आणि एकेक वळण पुसलं. सरळ रेषा ओढायला क्षणभर लागला. मग बदलाचा फॉर्म भरला. ‘कारण’ या रकान्यापाशी तो जरा थांबला, आणि लिहिलं: ‘आता गरज नाही.’ ‘तपासणारा’ पुढे माझं नाव घातलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“नीट वाच,” तो म्हणाला. “आणि काही दिसलं तर या वेळी बोल.”

मी दोनदा वाचलं. बोलण्यासारखं काही नव्हतं.