पैलवानाचं खरं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. तबकडी पिवळी पडली आहे, पारड्याला एक पोचा आहे, आणि स्वभाव म्हणाल तर एकदम सरळ. जे आहे ते तोंडावर सांगून मोकळा होतो.

मित्रांनो, कारखान्यातून निघालो तो थेट एका बेकरीत आलो. मैदा, साखर, लोणी, सगळं माझ्याच पारड्यातून जायचं. मालकांची एक सवय होती. काहीही ठेवण्याआधी ते रिकामं पारडं बघायचे आणि विचारायचे, "काटा घरी आहे ना?" घरी म्हणजे शून्यावर. "आमचा काटा कधी खोटं बोलत नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा माझी छाती फुगायची.

पुढे आकडे दाखवणारा चपटा काटा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. वाईट वाटलं, का नाही वाटणार? कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली तरी कुणी वर बघितलं नाही.

मग घरात ससा आला. मालकांच्या लेकीने त्याचं नाव ठेवलं पैलवान! आणि अंगावरून हात फिरवावा तर मणका न मणका हाताला लागायचा. चपट्या काट्यावर तो जरा हलला की आकडे थयथय नाचायचे आणि काटा रुसून बंद पडायचा. शेवटी मालकांनी मला खाली काढलं, पुसलं, आणि पैलवान माझ्या पारड्यात बसला. अहो, काय ते वजन! पावाचे दोन लठ्ठ गोळे त्याच्यापेक्षा जड भरले असते.

बेकरीवाल्यांचं घर ते. कुणी बारीक दिसलं की पाव पुढे. मालकांची बहीण, म्हणजे लेकीची आत्या, तर पैलवानाला येताजाता टोस्ट भरवायची. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "पाव, बिस्किटं आजपासून बंद. वाळलेलं गवत सतत समोर हवं. सशाच्या खाद्याच्या गोळ्या हळूहळू वाढवा, एकदम नको, पोट बिघडेल. आठवड्याने वजन करा. वाढलं नाही, तर मागचे दात तपासावे लागतील. आणि खाणंच सोडलं, तर लगेच घेऊन या."

आठवड्याने पैलवानाला माझ्याकडे आणलं. थंड पत्र्यावर तो थरथरला. आत्याला राहवलं नाही. "अगं, गारठलंय लेकरू!" म्हणत तिने जाडजूड टॉवेलाची घडी घातली आणि वर त्याला बसवलं. माझा काटा भरभर पुढे सरकला.

"वाढलं! पैलवान वाढला!" लेक टाळ्या पिटत नाचली. मालक म्हणाले, "चला, डॉक्टरांकडची फेरी वाचली."

माझा जीव वरखाली झाला. अहो, तो टॉवेल आहे! पण मला तोंड कुठे? माझ्याकडे फक्त एक काटा. पैलवान उपाशी आणि घरात आनंदीआनंद, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

लेकीने पैलवानाला उचलून छातीशी धरलं. टॉवेल पारड्यातच राहिला. तिची नजर सहज तबकडीवर गेली आणि हसू मावळलं.

"बाबा, पैलवान माझ्याकडे आहे. मग काटा घरी का नाही गेला?"

मालक जवळ आले. टॉवेल काढला, मला शून्यावर येऊ दिलं आणि पैलवानाला पुन्हा बसवलं. वजन मागच्या आठवड्यापेक्षाही कमी भरलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच चुकलं गं," एवढंच ती म्हणाली. मालकांनी बेकरीचं दार ओढलं आणि सगळे तडक दवाखान्यात गेले.

मागच्या दाताचं टोक वाढून गालात रुतत होतं. गवत चावायला गेलं की कळ यायची. बाईंनी औषध देऊन त्याला झोपवलं आणि ते टोक घासून काढलं. काही दिवस पातळ खाणं भरवावं लागलं. ते काम आत्याने कुणाला करू दिलं नाही. मग एके सकाळी पिंजऱ्यातून कुरकुर कुरकुर आवाज आला. पैलवान गवत खात होता! वजन सावकाश वाढलं, पण खरंखुरं वाढलं.

आता टॉवेल आधी येतो, मालक मागचा स्क्रू फिरवून मला शून्यावर आणतात, आणि मगच पैलवान बसतो. बसतो कसला, उडी मारतो! माझी म्हातारी स्प्रिंग करकरते, पण तक्रार नाही. सुखात आहे मी.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा मुका जीव असेल. त्याला लाडाने भरवण्याआधी तो नीट खातोय का, एवढं बघा. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. बरं झालं, त्या पोरीने एकदा वळून बघितलं.