वार: मंगळवार

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ताईचं अकरा वर्षं एकच काम होतं: तपासायला आलेल्या मांसाच्या तुकड्यांचे कागदाहून पातळ काप करून काचेवर बसवायचे. आज सकाळी त्याच इस्पितळात तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. पहिलंही असंच गेलेलं. तेव्हाच सासूबाईंनी चार बायकांत सांगून टाकलं होतं, की हिचं अंगच वैरी, पोटातल्याला खातं.

ताईला कारण हवं होतं आणि ते सापडलं असतं तर बाळामागून पडते त्या वारेत. आईच्या रक्ताची न्‌ बाळाची गाठ पडते ती तिथेच. पहिल्या खेपेची वार तपासायला आलीच नव्हती. तिने त्या बाळंतपणाचा जुना फॉर्म काढायला लावला. 'वार' असा रकाना होता. पाठवली की नाही, एवढंच लिहायचं. समोर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मंगळवार.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजच्या फॉर्मवर शुक्रवार होता. कारकुनाला जाब विचारला, तर त्याने कॅलेंडर पुढे केलं. वार बरोबर आहे म्हणे.

ती तशीच बाळंतपणाच्या खोलीकडे धावली. वार टाकलेली पिवळी पिशवी तोंड बांधून कचऱ्याच्या गाडीची वाट बघत होती. डॉक्टरीणबाईंची सही घेऊन तिने ती उघडली आणि वारेचे काप स्वतःच केले.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकंच. एरवी तिच्या रक्तातले पहारेकरी त्याला सांभाळून घेतात. इथे ते बिथरून वारेवरच चालून गेले होते. हा आजार आहे, पुन्हा होऊ शकतो. पुढच्या खेपेला सुरुवातीपासून औषध देऊन बघता येईल. पहिली वार तपासली असती, तर या खेपेलाच दिलं असतं.

"म्हणजे हिनेच मारलं ना?" सासूबाई म्हणाल्या.

ताई त्यांच्याकडे वळली. "निम्म्या परक्याला हिच्या अंगाने आठ-आठ महिने पोसलं, तेही दोनदा. तुमच्या घरात ही अख्खी परकी. तुम्ही किती दिवस सांभाळलंत?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. धाकटीने ताईच्या हातातला फॉर्म ओढून घेतला, शुक्रवार खोडला आणि लिहिलं: पाठवली. बहिणीने.