बिनशिवणीची बंडी

कार्तिकाच्या अखेरीस गोपाळकृष्ण वैद्यांनी दादांची नाडी पाहिली, पाठीला कान लावला आणि ते म्हणाले, "दिगंबरभट, नाव दिगंबर ठेवलंय म्हणून तसंच राहिलं पाहिजे असं नाही. उघड्या छातीनं पहाटेची पूजा चालू ठेवलीत तर तुम्हाला माघ दिसायचा नाही."

"मग पूजा कोणी करायची? आपण येता?" दादा म्हणाले.

"अंगरखा घालून करा."

"शिवलेलं वस्त्र सोवळ्यात चालत नाही. वैद्यांना हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

वैद्यांनी काढ्याच्या पुड्या माझ्या हातात दिल्या आणि जाताना दारात हळूच म्हणाले, "दीनानाथ, तुमचं काही ऐकतात का बघा." कोणी ऐकावं असं मी आयुष्यात फारसं काही बोललेलो नाही. मी नुसती मान हलवली.

शके सतराशे एकतीसचं ते साल. कसबा पेठेतल्या आमच्या दोन खणांच्या घरात आम्ही दोघे भाऊच उरलो होतो. दादा सत्तरीला आलेले, मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. पेठेतल्या एका छोट्या विष्णुमंदिराची पूजा बेचाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. पहाटे मुठेवर स्नान, मग धाबळी नेसून दोन घटका गाभाऱ्यात. लोकर विटाळत नाही, म्हणून धाबळी सोवळ्यात चालते. दुसरी एक धाबळी ते खांद्यावर घेत, पण पूजेला दोन्ही हात लागतात. पळी उचलली की ती घसरे, घंटा उचलली की पडे. मग त्या दगडी गाभाऱ्यात खोकला घुमत राही.

मी जन्मभर पोथ्यांच्या नकला केल्या. नक्कल पुरी झाली की दादा तपासत. चूक दिसेल त्या पानात ते दर्भाची काडी ठेवत आणि तोंडानं अवाक्षर काढत नसत. काड्यांशिवाय पोथी मला कधी परत मिळाली नाही. पुढं डोळे अधू झाले आणि तेही काम सुटलं. दादा गेले तर माझ्या चुका काढायलाही कोणी उरणार नव्हतं.

औषधाच्या मुळ्या आणायला मला नाना पेठेपलीकडे जावं लागे. तिकडे तोफखान्यात चाकरीला असलेल्या गोवेकर किरिस्तावांची घरं होती. एका घराच्या पायरीवर एक प्रौढ बाई चार काड्यांवर पायमोजा विणत बसलेली दिसली आणि मी थबकलो. तिच्याजवळ माग नव्हता, कात्री नव्हती, शिवायची सुई नव्हती. लोकरीच्या एकाच धाग्यातून ती फासात फास ओवत होती आणि पावलाच्या आकाराचं वस्त्र खाली खाली वाढत होतं.

तीन दिवस मी रस्त्याच्या पलीकडून बघत राहिलो. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "बुवा, मोजे हवेत तर बोला. नाहीतर निदान सावलीत उभे राहा."

"हे आपण... शिवत नाही ना कुठं?"

"शिवायचं असतं तर एवढा वेळ लागला असता का?"

मग मी अडखळत सगळं सांगितलं. वडील भावासाठी बंडी हवी. पुढून उघडी, मनगटापर्यंत बाह्यांची. शिवण मात्र एकही नको.

"बाह्या वेगळ्या विणून शिवाव्याच लागतात."

"तसं चालणार नाही."

"मग काय, झाडाला लागतील?"

मी क्षमा मागून परतलो. दोन दिवसांनी मला लांबून येताना पाहून तिनंच हाक मारली. "अहो बुवा, काल तांदूळ निवडताना सुचलं. खांद्याच्या कडेचे फास काडीवर उचलायचे आणि तिथूनच बाही खाली विणत यायची. मग शिवायचं काय उरलं?"

तिनं विणलेली बंडी दादा अंगाला लावणार नाहीत हे मला माहीत होतं. ते तिला कसं सांगावं, या विचारानं माझी मान वर होईना. तिनं ओळखलं. "तुम्हालाच विणायला लागेल, नाही का?" एवढंच म्हणून तिनं दोन काड्या माझ्यासमोर पायरीवर ठेवल्या. तो शांतपणा माझ्या अजून लक्षात आहे.

तिच्या पायरीपाशी बसून मी फास टाकायला शिकलो आणि बांबूच्या काड्या घरी स्वतः तासल्या, जन्मभर बोरू तासले तशा, आणि कागद घोटायच्या दगडी घोट्यानं गुळगुळीत केल्या. लोकर हडपसरच्या सोनबा धनगराकडून आणली. "घोंगड्याची हाय, टोचंल बघा," तो म्हणाला. खरंच टोचत होती. तेव्हा गोवेकरणीनं आतून एक लड आणून दिली. रूमच्या, म्हणजे तुर्कांच्या मुलखातल्या बकऱ्यांचे लांब केस, अरब घोडेवाल्यांकडून आलेले. त्याला मोहेर म्हणतात. हाताला धूर लागावा इतकं मऊ. धनगरी धाग्याबरोबर मोहेराचा एक धागा धरून विणलं की टोचत नाही, असं ती म्हणाली. बदल्यात मी तिला माझा घोटा देऊन टाकला. आता मला कागद घोटायचा नव्हता.

दोन्ही लडी शेजारच्या मच्छिंद्र रंगाऱ्यानं मंजिष्ठेच्या तांबड्या रंगात रंगवून दिल्या. "पाणी एकच, आच एकच, पण रंग दोन येणार बरं का बुवा. मग माझ्या नावानं ओरडू नका," त्यानं आधीच बजावलं. लोकर विटेच्या रंगाची निघाली आणि मोहेर कुंकवासारखं. दोन्ही धागे एकत्र धरले की फुंकर घातलेल्या निखाऱ्यांसारखे दिसत.

दादा देवळात गेले की मी ओसरीवर उन्हात विणायला बसे. ओळीत अक्षरं मोजायची सवय होती, तसे फास मोजी. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळत होतं. पण पोथीत चूक झाली तर तिच्यावर हरताळ लावून भागतं. इथं एक फास सुटला की सगळी ओळ उसवावी लागे. पाठ मी तीनदा उसवली. डावी बाही पाच वेळा.

एकदा दादा लवकर परत आले. माझ्या मांडीकडे पाहून म्हणाले, "जाळं विणतोस वाटतं. मासे कुठं धरणार, मुठेत की मुळेत?"

"बंडी आहे, दादा. आपल्याला पूजेला. शिवण नाही कुठं."

"बकरीचे केस दिसतात."

"शालीही बकरीच्याच असतात."

दादांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. मी उलट उत्तर दिल्याचं मलाही उशिरा कळलं. ते खोकत आत गेले.

मार्गशीर्ष सरत आला तेव्हा बंडी पुरी झाली. पुढून बांधायला चार बंद तेवढे राहिले होते. ते विणून मी पोथीच्या रुमालाला लावतो तसे लावून टाकले आणि बंडी दादांच्या पाटावर ठेवली.

दादा ती घेऊन ओट्यावर बसले. उजेडात धरली, उलटी केली, बाह्यांच्या मुळाशी बोट फिरवलं, कडा चाचपल्या. चांगली घटकाभर हे चाललं होतं. मी आत भांडी उगाच इकडची तिकडे ठेवत होतो. शेवटी ते आत आले आणि म्हणाले, "शिवलेली आहे."

"नाही, दादा."

"बंद कशानं लावलेस?"

चाळीस वर्षांच्या सवयीनं मी सुईत सुती दोरा ओवला होता आणि चारही बंद शिवून मोकळा झालो होतो. महिनाभर ज्या एका गोष्टीला जपलं, तीच हातानं अशी सहज करून टाकली होती.

दादांनी बंडी चार घड्या घालून माझ्यासमोर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या अंगानं गेले. परतले तेव्हा उंबऱ्याला धरून खोकत होते.

त्या दिवशी मी बंडीला हात लावला नाही. हे काम आपलं नव्हतंच, असं मला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, निदान लोकर तरी सोडवून ठेवावी म्हणून मी घडी उलगडली. आतून दर्भाची एक काडी खाली पडली.

दुसरी काडी दुसऱ्या बंदाशी फासात खोचलेली होती. तिसऱ्या आणि चौथ्याशीही तशाच. मी बंडी पुरी उलगडली, बाह्या तपासल्या, पाठ तपासली, गळा तपासला. आणखी एकही काडी नव्हती.

घटकाभर दादा शिवण शोधत होते असं मला वाटलं होतं. ते शोधतच होते. पण चार जागा सोडून कुठंही सापडली नव्हती, हेही त्यांनी मला कळवलं होतं.

सुती दोरा मी काढून टाकला. बंडीच्या कडेचे चार-चार फास काडीवर उचलले आणि तिथूनच बंद विणत नेले, बाह्या विणल्या होत्या तसे. सूर्य कलायच्या आत चारही झाले. बंडी पुन्हा पाटावर ठेवली.

पौषातल्या पहिल्या पहाटे मला जाग आली तेव्हा पाट रिकामा होता. मी तो चाचपला, खाली जमीन चाचपली. दर्भाची काडी नव्हती.

मी घाईघाईनं देवळाकडे गेलो आणि सभामंडपाच्या खांबाआड उभा राहिलो. समईच्या उजेडात निखाऱ्यांच्या रंगाची पाठ माझ्याकडे होती. दादांच्या एका हातात घंटा, दुसऱ्यात निरांजन. काही घसरत नव्हतं, काही सावरावं लागत नव्हतं. मधे ते एकदा खोकले, थोडंसंच, आणि पुढचा मंत्र न अडखळता म्हटला.

परतताना ते माझ्या पुढे चार पावलं चालत होते. मागं न पाहता म्हणाले, "उजवी बाही दोन बोटं लांब आहे."

"देता का? उसवून नीट करतो."

"कशाला?" त्यांनी ती बाही बोटांवर ओढून घेतली. "थंडी अजून महिनाभर आहे."