तेपाएरू मावशीची पेटी

आमच्या आतिउ बेटावर बाई गेली की तिच्या फुलांच्या गोधड्या तिच्याबरोबर पुरतात. गोधडीबरोबर नमुनाही जातो. ते नमुने गावात राहावेत म्हणून ऑकलंडहून परतलेल्या तुआईनेनं चर्चमागच्या खोलीत संग्रह सुरू केला. घरोघरी जाऊन ती गोधड्यांचे फोटो काढायची, नमुने कागदावर उतरवून घ्यायची.

माझ्या तेपाएरू मावशीसारखी गोधडीची फुलं कातरणारी गावात दुसरी नव्हती. तिला तुआईनेचं काही पटेना. इतकी वर्षं परदेशात काढलेली बाई हा उपद्व्याप फुकट कशाला करील? गोड बोलून नमुने नेईल आणि हॉटेलांना विकील, असं ती म्हणायची. तुआईने दारात दिसली की मावशी मला नमुन्यांच्या पेटीवर बसवायची.

शेवटी पाद्र्याच्या बायकोनं फारच गळ घातली, तेव्हा मावशीनं एक नमुना दिला. तुआईने गेल्यावर मला हळूच म्हणाली, "फुलाला एक पाकळी जास्त घातलीय. दुकानात दिसली की चोर कोण ते कळेल."

पुढं मी डोळे दाखवायला रारोटोंगाच्या मोठ्या बेटावर गेले. बंदराजवळच्या दुकानात त्याच नमुन्याची गोधडी टांगलेली. मी जवळ जाऊन पाहिलं, तर जास्तीची पाकळी नव्हती. म्हणजे नमुना खरा होता, आणि खरा नमुना पेटीबाहेर कधी गेलाच नव्हता. दुकानवालीला विचारलं, तर म्हणाली, आकाइती आणून देते. आकाइती म्हणजे रारोटोंगालाच राहणारी मावशीची लेक.

घरी येऊन मी सांगितलं. मावशीनं आधी पेटीचं कुलूप ओढून पाहिलं.

"डोळे दाखवायला गेली होतीस ना? मग नीट दिसलं कसं?"

पेटीवर तर मीच बसायचे. तिचा संशय माझ्यावर आला ते मला कळलं, आणि वाईटही वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी तिनं पेटी उचलून चर्चमागच्या खोलीत नेली. तुआईनेची माफी वगैरे मागितली नाही. तुआईने नमुने उतरवत होती तोवर मावशी शेजारी खुर्ची टाकून बसली, आणि किल्ली कमरेलाच ठेवली.

"घरात माझे दोनच डोळे," ती म्हणाली. "इथं निदान गाव बघतं."

नाताळला आकाइती आली. मावशीनं विमानतळावर तिला हार घातला, पोटभर जेवू घातलं, दुकानाचं नाव काढलं नाही. एरवी लेकीच्या पलंगावर घरातली सगळ्यात चांगली गोधडी असायची. या वेळी विकतची चादर होती. आकाइतीनं ती हातानं चाचपून पाहिली.