उन्हाळी मांजरांचं न्हाणीघर

मी एक जुनं न्हाणीघर आहे, मित्रांनो. इथली माणसं मला सौना म्हणतात. तळ्याच्या काठाला, पाइनच्या ओंडक्यांचं, एका अंगाला जरा कललेलं. वय वर्षं सत्त्याहत्तर. या वयात कंबर वाकायचीच, तेव्हा हसू नका.

मला एमेलीनं बांधलं. राहतं घर नंतर, आधी मी. पहिला हिवाळा एमेली आणि त्याची बायको माझ्याच आत राहिले, आणि त्यांचा मुलगा ओइवा माझ्या खालच्या फळीवर जन्मला. दर शनिवारी माझी चूल पेटायची. चुलीवरचे दगड तापले, त्यांवर पळीभर पाणी पडलं, की अशी वाफ उठायची की भलेभले गडी मुकाट्यानं वरच्या फळीवरून खाली उतरायचे. आत बडबड करायची नाही, भांडायचं तर मुळीच नाही, हा इथला रिवाज. सगळे गप्प बसायचे, घाम गाळायचे आणि बाहेर पडताना शहाण्यासारखे दिसायचे. शेजारचा वेइक्को म्हणायचा, "वाफ खावी तर ओइवाकडे!" वेइक्को सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

मग मांजरं आली आणि माझे शनिवार गेले.

त्याचं असं झालं. या तळ्याभोवती शहरातल्या माणसांच्या लाकडी झोपड्या आहेत. जूनमध्ये ती येतात, सप्टेंबरात कुलूप लावून जातात. पूर्वी ती आल्या आल्या जवळच्या शेतावरून एक पिल्लू मागून घ्यायची. उन्हाळाभर त्याला खेळवायचं आणि जाताना परत शेतकऱ्याच्या गोठ्यात सोडायचं. गोठा गुरांच्या अंगानं उबदार, दुधाला तोटा नाही, उंदीरही भरपूर. मांजराचा हिवाळा मजेत जायचा. त्याला 'उन्हाळी मांजर' म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढे एकेक गोठा बंद पडला. पिल्लू आणायची हौस मात्र बंद पडली नाही. माणसं पायरीवर एक वाडगं ठेवून जाऊ लागली. कुणीतरी घालेल म्हणे खायला! हा 'कुणीतरी' कोण, ते कुणी सांगत नव्हतं.

तो कुणीतरी म्हणजे आमची हिल्का. ओइवाची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली. सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ती एका बंद झोपडीच्या पायरीखालून एक मांजरी आणि तीन पिल्लं बटाट्याच्या पोत्यातून घेऊन आली. ओइवाला दमा, त्यामुळे घरात नेता येईना. म्हणून माझ्याकडे.

"आठवडाभरच," हिल्का म्हणाली.

"आठवड्यात शनिवार किती असतात?" ओइवानं विचारलं.

"एक."

"नेमका तोच मला हवा होता."

पण तो हो म्हणाला. आठवड्याचा महिना झाला, चाराची तेरा झाली. माझ्या चुलीत आता जेमतेम चार लाकडं जळत, मांजरांना ऊब लागेल एवढीच. वाफ नाही, न्हाताना अंगावर झोडायच्या बर्चच्या पानांच्या जुडीचा वास नाही. त्याऐवजी कसला वास, ते सांगत नाही. ओइवा शनिवारी पंचा खांद्यावर टाकून वेइक्कोकडे आंघोळीला जाई आणि वेइक्को दारातच सुरू होई.

"ये ये. तुझ्या घरी मांजरं न्हातात आणि तू उपरा!"

"मांजरं न्हात नाहीत. तेवढंच तुझ्यासारखं आहे त्यांचं," ओइवा म्हणे.

मी मात्र खूप रागावलो होतो. वाटायचं, माझा गोठा केला यांनी. कुणी मला विचारलं का?

राग टिकला नाही, हे कबूल करतो. हिल्काचं काम रोज डोळ्यांसमोर चाले आणि काम करणाऱ्या माणसावर फार दिवस रागावता येत नाही. सकाळी सहाला ती यायची. मांजरांच्या शी-शूच्या मातीच्या पेट्या साफ करायची, वाडगी धुवायची, जंताची गोळी लोण्यात लपवायची. मांजर लोणी चाटून गोळी तेवढी थुंकायचं. मग दुसरी गोळी, दुसरं लोणी, आणि हिल्काच्या तोंडी असे शब्द की शाळेतल्या पोरांनी ऐकले असते तर खूश झाली असती. कानात औषध, पिल्लांचं वजन, तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नसबंदीसाठी फेऱ्या. ओइवानं कुरकुरत माझ्या भिंतींना मांजरांच्या चढउतारासाठी फळ्या ठोकून दिल्या. "तात्पुरत्या आहेत," म्हणाला, आणि प्रत्येकीला चार चार स्क्रू मारले.

आणि मांजरं द्यायचीही हिल्काची एक रीत होती. मांजर हवंय म्हणून कुणी आलं, की ती त्याला माझ्या फळीवर बसवायची. एक तास. फोन बाहेर, तोंड बंद, मांजराला हाका मारायच्या नाहीत. "न्हाणीघरात बसता तसं बसा. ज्याला यायचं ते येईल." जे येईल ते त्याचं. नाही आलं, तर कॉफी प्यायची आणि घरी जायचं. एक बाई पाचव्या मिनिटाला "माऊ माऊ" करू लागली, तिला कॉफीही घाईघाईतच मिळाली. एक मालट्रक चालवणारा दांडगा गडी मात्र दगडासारखा बसला आणि तीन पायांची एक मांजरी सरळ त्याच्या कोटात शिरली. तो तास पुरा होईपर्यंत गप्प रडत होता. अशी सहा वर्षांत पन्नासेक मांजरं माझ्या दारातून घरोघरी गेली. प्रत्येक वेळी हिल्का हसून निरोप द्यायची आणि मग ते रिकामं वाडगं उगाच फार वेळ घासत बसायची.

गेल्या डिसेंबरात, उणे पंचवीसच्या थंडीत, ओइवाला माझ्या फरशीखाली एक राखाडी मांजरी सापडली. चुलीच्या बरोबर खाली, जिथे थोडी ऊब झिरपते तिथे. कानांची टोकं गोठून गेली होती आणि अंगावर नुसती हाडं. हिल्कानं तिचं नाव उस्वा ठेवलं, म्हणजे धुकं. कान बरे झाले, अंग भरलं, पण उस्वा चुलीमागच्या सांदीतून बाहेर येईना. सगळे गेल्यावर खायची. हात पुढे केला की आणखी आत सरकायची. मांजर घ्यायला आलेल्यांपैकी एकाकडेही ती गेली नाही. हिल्का रोज संध्याकाळी तिच्यासमोर एक तास गप्प बसायची. सहा महिने बसली. इतक्या मांजरांत हिच्यावर तिचा जीव जडला होता. "नाही आली कुणाकडे, तर राहील इथेच," ती ओइवाला म्हणाली, आणि तसंच व्हावं असं तिला वाटत होतं.

जूनमध्ये तिनं दुकानाच्या फळ्यावर मांजरांचे फोटो लावले. दुसऱ्याच दिवशी तळ्यापलीकडच्या झोपडीतली मारित आली. पन्नाशीची, शहरात शिवणकाम करणारी. फळ्यावरचा उस्वाचा फोटो तिच्या हातात होता, सांदीतून राखाडी तोंड तेवढं दिसणारा.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

हिल्का वाडगं धूत होती. तिनं मान वर केली नाही. "तुझी? मग डिसेंबरात कुठे होतीस?"

"मी तिला सप्टेंबरात जवळच्या शेतावर, लेपोलांच्या गोठ्यात सोडलं होतं. त्यांच्याकडूनच गेल्या जूनमध्ये आणली होती. माझी आई अशीच सोडायची, आजीसुद्धा."

"अगं बये, गोठ्यात गुरं होती का? ऑगस्टमध्येच विकली. लेपोलांच्या म्हातारीला वृद्धाश्रमात नेलं. रिकाम्या लाकडी खोक्यात सोडलंस तू तिला! दार उघडलंस तेव्हा डोळे काय गहाण टाकले होतेस?"

"दार उघडलंच नाही. खालच्या मांजरभोकातून आत सोडली. अंधार पडत होता." मारितचा आवाज चिरकला. "मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कुणाला?"

 मारित अगदी हळू म्हणाली, "तुम्ही पाहिलं होतंत मला, हिल्काबाई. तुम्ही या पायरीवर होतात. मी टोपली घेऊन लेपोलांकडे वळले. तुम्ही हात केलात."

हिल्काच्या हातातलं वाडगं तसंच राहिलं. 

"मला वाटलं, टोपलीत अळंबी आहेत," ती शेवटी म्हणाली.

खरं सांगू का, मित्रांनो? मीही माझ्या खिडकीतून ती टोपली पाहिली होती, आणि मलाही तसंच वाटलं होतं. सप्टेंबरात इथे ज्याच्या त्याच्या हातात अळंब्यांची टोपली असते. शेजाऱ्याला उगाच काही विचारू नये, यातच आमच्याकडे शहाणपण मानतात.

ओइवा लाकडं घेऊन दारात उभा होता. "झालं दोघींचं?" तो म्हणाला. "मग नियम सांग तिला."

"हिलाही?" हिल्का म्हणाली.

"नियम सगळ्यांना एकच, असं तूच म्हणतेस."

मारित खालच्या फळीवर बसली, हिल्का वरच्या. उस्वा मारितकडे गेली, तर जिनं तिला सोडलं तिच्याच हाती ती द्यावी लागणार होती. हिल्कानं फळीची कड घट्ट धरली होती. मीही मनात म्हणत होतो, नको गं, नको येऊस बाहेर.

अर्धा तास काहीच नाही. पाऊण तास झाला आणि चुलीमागून राखाडी डोकं बाहेर आलं. मारितनं ते आखूड कान तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. तिनं तोंडावर हात दाबून धरला, पण शब्द बाहेर येऊ दिला नाही. उस्वा फरशीवरून सावकाश चालत आली. तिनं मारितचे बूट हुंगले, मग लोंबता हात हुंगला. आणि कडकडून चावली.

रक्त आलं. मारितनं हात मागे घेतला नाही. उस्वा तिच्याकडे बघत घशातल्या घशात गुरगुरत राहिली, चांगली लांबलचक. मग वळली आणि तिच्याकडे पाठ करून तिच्या बुटांवर बसली. तास संपायला अजून दहा मिनिटं होती. कुणी हललं नाही.

"बोलून मोकळी झाली एकदाची," ओइवा म्हणाला.

हिल्का खाली उतरली. तिनं आधी मारितचा हात धुतला, औषध लावून बांधला. मग कॉफी झाली, वेलदोड्याचे पाव झाले, आणि उस्वा टोपलीत बसून तळ्यापलीकडे गेली. जाताना मारित म्हणाली, "सप्टेंबरात ती माझ्याबरोबर शहरात येईल."

"बघू," हिल्का म्हणाली.

त्या संध्याकाळी ती चुलीमागच्या रिकाम्या सांदीसमोर बसून हमसून हमसून रडली. "सहा महिने बसले मी हिच्यासमोर. मला तिनं एकदाही हात लावू दिला नाही. आणि तिला चावली!"

ओइवा तिच्याशेजारी बसला. "चावायलासुद्धा माणूस आपलं लागतं," तो म्हणाला.

"आणि मी नुसता हात केला, ओइवा. एक शब्द बोलले असते तर तिचे कान राहिले असते."

ओइवा उठला आणि उस्वाचं रिकामं वाडगं त्यानं स्वतः घासून ठेवलं. 

सप्टेंबर आला. हिल्कानं रबरी बूट चढवले आणि तळ्याभोवतीच्या सगळ्या झोपड्यांची दारं ठोठावली. जी बाई चाळीस वर्षं कुणाच्या दारात बोलावल्याशिवाय गेली नव्हती, ती! "तुमचं मांजर हिवाळ्यात कुठे राहणार?" एवढंच विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. कुणी चिडलं, कुणी लाजलं. एका घरानं आपलं मांजर सोबत न्यायचं ठरवलं. दोन घरांनी आपली पिल्लं तिथल्या तिथे तिच्या हवाली केली, पोट भरलेली, शाबूत कानांची. वेइक्को म्हणाला, "हिल्का आता निवडणुकीला उभी राहणार."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मारितची गाडी रस्त्यानं गेली. उस्वा आत होती, हे विचारावं लागलं नाही. गाडीचा प्रवास तिला मुळीच पसंत नव्हता आणि ते ती साऱ्या तळ्याला ओरडून सांगत होती. हिल्का पायरीवर उभी राहून तो आरडाओरडा रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकत होती. मग डोळे पुसून ती पेट्या साफ करायला आत आली.

मित्रांनो, मी आयुष्यभर गप्प बसणाऱ्या माणसांचं कौतुक केलं. आता मात्र म्हाताऱ्याचं एक ऐका. मुकं जनावर कुणाच्या भरवशावर सोडण्याआधी तो भरवसा जागेवर आहे का, ते जाऊन बघा. आणि तुम्ही पायरीवर उभे असाल, समोरून कुणी जात असेल, मनात जराशी जरी शंका आली, तर नुसता हात करू नका. विचारा. फार तर टोपलीत अळंबी निघतील.